शेवटचा तुकडा पैसे मिळाल्यावर

आमची इमारत १९७४ ची. नौपाड्यात, चार मजले, चोवीस बिऱ्हाडं. आता पुनर्विकासाला निघाली आहे. मी सोसायटीची खजिनदार, म्हणून दप्तर स्कॅन करण्याचे पैसे माझ्या सहीने गेले आणि हे लिहिण्याची जबाबदारीही माझीच आहे. ठाण्यात सध्या गल्लोगल्ली जुन्या इमारती रिकाम्या होत आहेत. त्या प्रत्येक सोसायटीत दप्तराची कपाटं आहेत आणि त्या दप्तराचं काय करायचं हा प्रश्न आहे. आमच्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये, एवढ्यासाठी सगळं सविस्तर सांगते.

आमचं दप्तर म्हणजे अकरा खोकी. 'आय' नमुन्यातली सभासद नोंदवही, 'जे' नमुन्यातली यादी, इतिवृत्ताच्या वह्या, भागपत्रांची आणि नामनिर्देशनाची पुस्तकं, पन्नास वर्षांची व्हाउचरं आणि पत्रव्यवहार. मंजूर नकाशांवर ठाणे नगरपालिकेचा शिक्का आहे, कारण महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. जागा सोडायच्या आधी सगळं स्कॅन करून ठेवायचं आणि सांभाळायची गरज नाही ते रद्दीत द्यायचं, असा ठराव झाला.

गोखले रोडच्या मागे एका झेरॉक्सच्या दुकानात एका स्कॅनिंगवाल्याचं कार्ड मिळालं. तिशीतला मुलगा, बोलायला नम्र. नमुना म्हणून त्याने आमचं १९७६ चं एक इतिवृत्त स्कॅन करून दाखवलं. स्कॅन खरंच सुरेख होतं, पुसट पेन्सिलीचं टिपणसुद्धा वाचता येत होतं. पानाला पाच रुपये, पानं साधारण ८,२००, म्हणजे ४१,००० रुपये. निम्मे आगाऊ, निम्मे काम झाल्यावर. खोकी त्याच्या टेम्पोतून गेली आणि तीन आठवड्यांनी सगळीच्या सगळी परत आली, नव्या चिकटपट्टीने बंद केलेली. खोकी परत आली म्हणजे काम झालं, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

मग त्याने ड्राइव्हची लिंक पाठवली. त्यात सेव्हन-झेड प्रकारच्या, म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेल्या फाइलचे अकरा तुकडे होते, ००१ ते ०११, प्रत्येक दोन जीबीचा. "मॅडम, डेटा मोठा आहे म्हणून बारा भाग केलेत. बारावा भाग पेमेंट झाल्यावर लगेच सोडतो."

मी विचारलं, "बारावा येईपर्यंत या अकरामधलं काही बघता येईल का?"

"नाही मॅडम. शेवटचा भाग आल्याशिवाय फाइल उघडतच नाही. तसं सॉफ्टवेअरच आहे."

मी हे एका ओळखीच्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी दुजोरा दिला, आणि ते खरंही आहे. रार या तशाच दुसऱ्या प्रकारच्या फाइलचे तुकडे असतील तर पहिल्या तुकड्यावरूनच आतली नावं दिसू लागतात. सेव्हन-झेडमध्ये मात्र आतल्या फाइलींची यादी सगळ्यात शेवटी असते. पुस्तकाची अनुक्रमणिका मागच्या पानावर छापावी तसं. ते मागचं पान हातात नसेल तर पुस्तकात काय आहे ते कळत नाही. झिपमध्येही यादी शेवटीच असते. म्हणजे या माणसाने आम्हाला सांगितलेली गोष्ट खरी होती, आणि त्या खऱ्या गोष्टीच्या आड राहून त्याने उरलेले २०,५०० रुपये घेतले. माल बघायच्या आधी पूर्ण पैसे द्यायला लावण्याचा हा रस्ता त्याने विचार करूनच निवडला होता, असं माझं स्पष्ट मत आहे. आठ हजार पानांच्या वर्षवार साध्या फोल्डरमध्ये फाइली देता आल्या असत्या, पेनड्राइव्हवर समोर बसून मोजता आल्या असत्या. तुकडे करण्याची गरज काम देताना आम्हाला नव्हती.

पैसे गेले, बारावा तुकडा आला, साधारण सहाशे एमबीचा. दोन रात्री डाउनलोड चाललं. सगळे बारा तुकडे एका फोल्डरमध्ये ठेवले, सेव्हन-झिप या अशा फाइली उघडण्याच्या सॉफ्टवेअरमधून ००१ उघडायला गेले. उत्तर आलं, ही फाइल आर्काइव्ह (बांधलेली फाइल) म्हणून उघडता येत नाही.

इथून पुढचे बावीस दिवस मी माझ्या कॉम्प्युटरमध्ये दोष शोधत होते.

तो प्रत्येक फोनला एक नवं कारण द्यायचा. आधी म्हणाला, डाउनलोड अर्धवट झालं असेल. अर्धवट डाउनलोड हे मोठ्या फाइली न उघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहेच. म्हणून मी सगळं पुन्हा उतरवलं. प्रत्येक तुकड्याच्या गुणधर्मात २,१४,७४,८३,६४८ बाइट दिसत होते, म्हणजे चोख दोन जीबी. पुढच्या खेपेला म्हणाला, तुमचा पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, त्यावर मोठी फाइल मावत नाही. फॅट-३२ वर एक फाइल ४ जीबीला एक बाइट कमी, एवढीच मावते, हे बरोबर. पण आमचे तुकडे दोन जीबीचे होते, आणि मी पेनड्राइव्ह वापरतही नव्हते. मग म्हणाला, तुमचं विंडोज जुनं आहे. एक्सपीच्या काळात विंडोजच्या आतल्या झिपला ४ जीबीच्या वरची फाइल उघडता येत नसे, ती अडचण खरी होती. माझ्याकडे विंडोज १० आहे, आणि फाइल झिप नव्हतीच. मग म्हणाला, रॅम कमी पडतेय. सेव्हन-झेड उघडायला किती मेमरी लागेल हे फाइल किती मोठी यावर ठरत नाही, ती बनवताना डिक्शनरी (दाबण्यासाठी वापरायची मेमरीतली जागा) किती मोठी निवडली यावर ठरतं. नेहमीच्या सेटिंगला शंभर एमबीच्या आतच भागतं. डिस्कवर जागा नसेल, असंही एकदा म्हणून झालं. साडेबावीस जीबी उघडायला निदान तेवढीच आणखी जागा लागते. माझ्याकडे १८० जीबी मोकळी होती.

आज हे सगळं मी सहज लिहिते आहे, पण तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो म्हणेल ते तपासत होते, आणि प्रत्येक वेळी माझ्याच बाजूचं काहीतरी चुकलं असणार असं वाटत होतं. वयाच्या साठीत कॉम्प्युटर हाताळणाऱ्या बाईला हे वाटायला लावणं फार सोपं आहे. शेवटी तो "काकू" म्हणू लागला. "काकू, फाइल तुमच्याकडे करप्ट झालीय. रिपेअरचं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे, साडेतीन हजारात करून देतो." ते पैसे मी माझ्या खिशातून दिले, कारण समितीला सांगायची मला लाज वाटत होती. रिपेअरनंतर त्याने तेच बारा तुकडे नव्या लिंकवर टाकून दिले.

हा रिपेअरचा मुद्दा मुद्दाम समजून घ्या. रार फाइल बनवताना दुरुस्तीसाठीची जादा माहिती आत घालून ठेवता येते, ती घातली असेल तर थोडा बिघाड भरून निघतो. सेव्हन-झेडमध्ये तशी सोय नाही. आणि जी पानं फाइलमध्ये घातलीच नाहीत, ती जगातलं कोणतंही रिपेअर सॉफ्टवेअर निर्माण करू शकत नाही.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका रविवारी ती पाण्याच्या टँकरचे पैसे द्यायला आली आणि माझा चेहरा बघून खुर्ची ओढून बसली. तिने सगळ्या तुकड्यांवर राइट क्लिक करून सेव्हन-झिपच्याच मेन्यूतून प्रत्येकाचा शा-२५६ हॅश काढला. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, चौसष्ट अक्षरांचा. आतला एक बाइट बदलला तरी पूर्ण ठसा बदलतो. ००१ ते ००४ चे ठसे वेगवेगळे आले. ००५ पासून ०११ पर्यंत सातही ठसे अक्षरन् अक्षर एक. तिने दोनदा काढून पाहिले.

"काकू, हे सात तुकडे नाहीत. एकच तुकडा सात वेळा कॉपी केलाय."

तुकडे केले की शेवटचा सोडून बाकी सगळे सारख्याच आकाराचे असतात, त्यामुळे आकाराकडे बघून संशय यायचं कारण नव्हतं. दोन जीबी, दोन जीबी, दोन जीबी. आम्हाला ते नीटनेटकं वाटलं होतं.

पुढचं तिने केलं ते मी कधी विसरणार नाही. सेव्हन-झेड फाइलच्या अगदी सुरुवातीला ३२ बाइटचा एक मथळा असतो. त्यात फाइलची खूण असते आणि शेवटची यादी कितव्या बाइटला सुरू होते, किती लांब आहे, हे लिहिलेलं असतं. ते वाचता आलं तर मूळ फाइल एकूण केवढी होती ते कळतं. तिने ००१ चे ते बाइट उघडले, कागदावर आकडे उलट क्रमाने लिहून घेतले, बेरीज केली. मूळ फाइल साडेबावीस जीबीची नव्हतीच. ती साधारण १०.६ जीबीला संपत होती. म्हणजे पाच पूर्ण तुकडे आणि एक छोटा सहावा.

तिने नवं फोल्डर केलं. ००१ ते ००५ त्यात टाकले. बाराव्या तुकड्याचं नाव बदलून ००६ केलं आणि ००१ वर क्लिक केलं. फाइल उघडली.

आत ३,४०६ पानं होती, नावांसकट, १९७४ पासून. त्यापुढे त्याने स्कॅनच केलं नव्हतं. खरा सहावा तुकडा त्याने नाव बदलून बारावा केला होता आणि मधल्या रिकाम्या जागेत पाचव्याच्या प्रती भरल्या होत्या. त्यामुळे सेव्हन-झिप यादी शोधायला जिथे जायचं, तिथे भलताच मजकूर सापडायचा आणि फाइल उघडायला नकार मिळायचा. माझ्या कॉम्प्युटरमध्ये पहिल्या दिवसापासून काहीही बिघडलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या आणि घरी येऊन समितीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, माझ्या साडेतीन हजारांसकट. कुणी एका शब्दाने बोललं नाही. सेक्रेटरींनी फक्त विचारलं, "व्हाउचर आणि पत्रव्यवहाराची खोकी कुठे आहेत?"

ती खोकी चौदा दिवसांपूर्वी रद्दीत गेली होती.

पोलिसांत तक्रार देताना सुरुवातीला आम्हाला सांगण्यात आलं की काम अपुरं राहिलं हा पैशांचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. तिथे हॅशचा कागद उपयोगी पडला. अपुरं काम आणि पूर्ण काम केल्याचा बनाव यातला फरक त्या सात एकसारख्या ओळींत दिसतो. अर्ज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, फसवणुकीचा म्हणून घेतला गेला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं जे प्रमाणपत्र लागतं, त्यातही फाइलचा हॅश लिहावा लागतो. म्हणून तुमच्यावर अशी वेळ आली तर मूळ तुकडे डिलीट करू नका, त्यांची नावं बदलू नका, जे काही प्रयोग करायचे ते कॉपीवर करा. लिंक, चॅट, यूपीआयच्या पावत्या जपून ठेवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. आम्ही फार उशिरा केला, रक्कम तोवर पुढे गेली होती. त्याचा फोन आता बंद असतो.

आमच्या नव्या समितीने जो दुसरा स्कॅनिंगवाला ठरवला, त्याच्याशी असं ठरलं आहे. तो आमच्या ऑफिसात येऊन, आमच्या टेबलावर स्कॅन करतो. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या फाइली साध्या फोल्डरमध्ये, कुठलंही पॅकिंग न करता, आमच्या हार्ड डिस्कवर येतात. आम्ही दोघं जण पानं मोजतो, मधूनमधून दहावीस उघडून कागदाशी ताडून बघतो आणि त्या दिवसाचे पैसे देतो. पूर्ण काम ताडून झाल्याची सही होईपर्यंत एकही कागद इमारतीबाहेर जाणार नाही. त्याला यात काही गैर वाटलं नाही. "असंच करायला पाहिजे ताई," एवढंच म्हणाला.

उरलेली एक गोष्ट मला झोपू देत नाही. तळमजल्यावरच्या आजींच्या घराला मागे एक खोली आहे. तिला १९७९ मध्ये नगरपालिकेने परवानगी दिली होती आणि ते पत्र सोसायटीच्या पत्रव्यवहारात लावलेलं होतं, असं आजी सांगतात. त्यांच्या यजमानांनी ते स्वतः आणून दिलं होतं. बिल्डर कागदावर जेवढं क्षेत्रफळ आहे तेवढंच धरतो. पत्र असेल तर आजींना नव्या इमारतीत त्या खोलीएवढी जागा जास्त मिळेल, नसेल तर नाही. मिळालेल्या ३,४०६ पानांत आम्ही ते दोनदा शोधलं. पत्रव्यवहाराच्या फाइलींपर्यंत त्याचं स्कॅनिंग पोचलंच नव्हतं.

महापालिकेच्या अभिलेख विभागात नगरपालिकेच्या काळातली आवक-जावक वही असेल तर तिच्यात नोंद सापडू शकते. गेल्या सोमवारी मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज दिला. उत्तराला तीस दिवस असतात. आजी रोज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दारात येतात आणि विचारतात, आलं का गं काही?