विंड केव्ह की ज्युएल केव्ह? रशमोर झाल्यावर एकच दिवस हातात असेल तर

उन्हाळ्यात भारतातून आईबाबा आले की मिनेसोटातल्या आमच्यासारख्या मराठी घरांतून एक ठरलेली ट्रिप निघते, साउथ डकोटा, माउंट रशमोर. रशमोर दोन तासांत होतं. डोंगरात कोरलेली चार राष्ट्राध्यक्षांची डोकी, फोटो, आइस्क्रीम, झालं. मग हॉटेलवर बसून सगळे फोनमध्ये डोकं घालतात की उद्या काय, आणि तिथे दोन गुहा समोर येतात, दोन्ही तिथल्याच ब्लॅक हिल्स नावाच्या डोंगरांमध्ये, एकमेकींपासून गाडीने पाऊण-एक तासावर, आणि नावांवरून काहीच कळत नाही. आम्ही दोन्ही केल्यात, एका वर्षी सासूसासऱ्यांबरोबर आणि नंतर एकदा माझ्या आईबाबांबरोबर. माझं मत आधीच सांगून टाकते, एकच करायची तर विंड केव्ह. पण गुहेसाठी नाही, गुहेच्या डोक्यावर जे गवत आहे ना, त्याच्यासाठी.

घरातल्या मोठ्यांना आधी एक समजावून सांगा, गुहा म्हटलं की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवतं, तसं इथे काही कोरलेलं नाहीये. चुनखडीचा दगड पाण्याने विरघळून आतून पोकळ झाला, एवढंच. आपला सह्याद्री सगळा काळा बेसॉल्ट, लाव्हाचा, त्यामुळे असल्या गुहा आपल्याकडे बघायला मिळतच नाहीत. माझे बाबा पहिली दहा मिनिटं "मूर्ती कुठायत" या नजरेने बघत होते.

आता ज्युएल. हे नॅशनल पार्क नाही, नॅशनल मॉन्युमेंट, १९०८ सालचं. गुहा म्हणून विचाराल तर ही मोठी, आत्तापर्यंत २२० मैलांपेक्षा जास्त मोजून झालीये आणि अजून मोजणं चालूच आहे. नावामुळे हिरे-माणकं डोक्यात असतील तर काढून टाका, कॅल्साइटचे स्फटिक आहेत, पण भिंतीच्या भिंती त्यांनी मढलेल्या, जवळून बघितलं की कोणीतरी खडीसाखर ओळीने चिकटवत बसलं होतं असं वाटतं. नेहमीची सीनिक टूर साधारण ८० मिनिटांची आणि तिच्यात ७२३ पायऱ्या, हो, सातशे तेवीस, चढ-उतार मिळून. सासऱ्यांनी हा आकडा ऐकला आणि म्हणाले, मी गाडीतच पेपर वाचतो. (पेपर नव्हता.) पण ज्युएलकडे एक चांगली सोय आहे, डिस्कव्हरी टूर. वीस मिनिटं, लिफ्टने खाली, एक मोठी खोली बघायची, पंधराएक पायऱ्या आणि परत वर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही, शेवटी आम्ही तेच केलं आणि सासरेही आले.

विंड केव्हच्या नेहमीच्या टूर एवढ्या सोप्या नाहीत. त्यातली सगळ्यात हलकी गार्डन ऑफ ईडन टूर, तीत दीडशेच्या आसपास पायऱ्या, नॅचरल एंट्रन्स टूरमध्ये तीनशे पण बहुतेक उतरायच्या, आणि फेअरग्राउंड्समध्ये साडेचारशे. आम्ही नॅचरल एंट्रन्स घेतली आणि माझं ऐकाल तर तीच घ्या, कारण वाऱ्याची गंमत तिथेच कळते. मूळ तोंड म्हणजे जमिनीलगत दगडात एक भोक, जेमतेम फूटभर, आपल्याकडे संडासाची खिडकीसुद्धा मोठी असते. रेंजरबाईंनी त्याच्यासमोर एक रिबन धरली आणि ती आतल्या बाजूला ओढली गेली, सरळ ताठ. बाहेर हवेचा दाब जास्त असला की गुहा हवा आत घेते, कमी झाला की बाहेर सोडते. १८८१ मध्ये बिंगहॅम नावाच्या दोघा भावांना हे भोक सापडलं ते आवाजामुळे, वाकून बघायला गेले तर टोपी उडाली म्हणतात, आणि नंतर मित्रांना दाखवायला आणलं तर वारा उलटा फिरला होता आणि टोपी आत गेली! खरं-खोटं माहीत नाही, पण रिबन बघितल्यावर पटतं. इथल्या मूळ रहिवाशांपैकी लाकोटा लोकांसाठी तर ही जागा पवित्र आहे, त्यांची माणसं जमिनीवर आली ती इथूनच असं ते मानतात, त्यामुळे त्या भोकापाशी जरा आवाज कमी ठेवा, आमच्या ग्रुपमधल्या काहींना ते जमलं नाही.

आत लोंबणारे खांब फार नाहीत, गुहा बरीच कोरडी आहे. इथली खासियत बॉक्सवर्क. कल्पना करा की विटांच्या भिंतीतल्या विटा विरघळून गेल्या आणि मधल्या सिमेंटच्या रेघा तेवढ्या उभ्या राहिल्या, पातळ, तपकिरी, छताला चौकटी-चौकटी. जगात सापडलेल्या बॉक्सवर्कपैकी ९५ टक्के या एका गुहेत आहे असं पार्कवाले सांगतात. आणि १६० मैलांच्या वर वाटा, त्याही जमिनीच्या एवढ्याशा तुकड्याखाली एकावर एक तीन मजली गुंतलेल्या, पुण्यातल्या पेठांचे बोळ एकावर एक रचावेत तशा. तरी फोटोत मजा येत नाही हे खरं, ज्युएलचे स्फटिक फोटोत जास्त छान येतात.

पण मग तुम्ही वर येता आणि खरा फरक इथे पडतो. ज्युएलमधून वर आलात की पार्किंग, पाइनची झाडं, थोड्या पायवाटा, २००० सालच्या मोठ्या वणव्यात जळलेल्या डोंगरांचे उतार, आणि बॅगा उचलून निघायचं. विंड केव्हमधून वर आलात की निम्मा दिवस अजून बाकी असतो. हे १९०३ सालचं नॅशनल पार्क, गुहेसाठी केलेलं जगातलं पहिलं, आणि गवताळ रान म्हणजे प्रेअरी तशीच राखलेली. बायसन, म्हणजे अमेरिकेतले गव्यासारखे रानबैल, इथून संपले होते, १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाकडून १४ आणले आणि नंतर यलोस्टोनमधून ६, आज दिसतो तो कळप त्यांच्यातूनच वाढलेला.

ताडोबाची सवय असलेल्यांना तर फारच विचित्र वाटतं, गेट नाही, जिप्सी नाही, गाइड नाही, परमिट नाही, आपली गाडी घेऊन फिरा. डांबरी रस्त्याला गाड्या जास्त असतात म्हणून आम्ही पूर्वेकडच्या कच्च्या रस्त्याला गेलो आणि तिथे एक बायसन रस्त्याच्या मधोमध आडवा. बाबांनी इंजिन बंद करायला लावलं. तो आमच्या बॉनेटपासून पाचेक हातांवरून गेला, नाकपुड्यांचा आवाज काचेतून ऐकू येत होता, खांद्यावरची जुनी लोकर गोधडीच्या चिंध्यांसारखी लोंबत होती आणि आई हळूच म्हणाली, हा आपल्या गव्यापेक्षा मळका आहे. गाडीतून उतरायचं नाही हां. निदान २५ यार्ड लांब राहायचं, म्हणजे दोन एसटी एकामागे एक उभ्या केल्या तेवढं. जुलै-ऑगस्टमध्ये नर माजावर असतात, तेव्हा त्याच्याही दुप्पट ठेवा.

मुलांना मात्र बायसनपेक्षा प्रेअरी डॉग आवडले. कुत्रे नाहीत, खारीच्या जातीतले, बिळाच्या तोंडाशी हात जोडल्यासारखे उभे राहतात आणि एकाने मान मागे टाकून किंकाळी मारली की सगळी वस्ती एकामागून एक तसंच करते, गावात एक कुत्रा भुंकला की होतं तसं. त्यांना खाणारं काळ्या पायांचं फेरेट २००७ मध्ये इथे परत सोडलंय, पण ते रात्री फिरतं, त्यामुळे आशा ठेवू नका. हरणासारखा दिसणारा प्रॉन्गहॉर्न सहज दिसतो. एल्क, म्हणजे इथलं मोठं हरीण, हवा असेल तर पहाटे किंवा संध्याकाळी या.

पैशाचं म्हणाल तर दोन्हीकडे प्रवेश फी नाही, टूरचं तिकीट तेवढं, आणि नॅशनल पार्कचा वार्षिक पास टूरला चालत नाही. उन्हाळ्यात तिकीट आधीच ऑनलाइन काढा. निघायच्या दिवशी सकाळी पार्कची साइट बघा, दोन्हीकडच्या बहुतेक टूर लिफ्टवर अवलंबून असतात, लिफ्ट दुरुस्तीला गेली की टूर नाही. त्यातही विंड केव्हची टूर गेली तर दिवस वाचतो, ज्युएलची गेली तर तिथे दुसरं फारसं काही नाही. जेवण बरोबर घ्या, आत काही मिळत नाही, आमचे मेथीचे ठेपले पार्किंगमध्येच संपले. स्वेटर दोन्हीकडे लागतो, ज्युएलमध्ये ९ अंश आणि विंड केव्हमध्ये १२, बाहेर कितीही ऊन असो.

मग ज्युएल कोणी करावी? ज्यांच्याबरोबर फार चालू न शकणारं कोणी आहे आणि गुहा बघायचीच आहे, किंवा ज्यांना खरंच दगड-स्फटिकांचं वेड आहे त्यांनी. कस्टर गावात मुक्काम असेल तर दोन्हीही जमतात, सकाळी ज्युएलची वीस मिनिटांची टूर, दुपारी विंड केव्ह, आणि परतताना ८७ नंबरचा रस्ता धरा, तो पार्कातून सरळ कस्टर स्टेट पार्कात जातो, तिथेही बायसन आहेत पण त्या पार्कची फी वेगळी. एकच काळजी घ्या, एका गुहेतले बूट-कपडे दुसरीत तसेच नेऊ नका, वटवाघळांना मारणारी बुरशी त्यातून पसरते, रेंजर विचारतातच. आम्ही सासऱ्यांचे दुसरे बूट हॉटेलवर विसरलो होतो, ते शेवटी चपलांवर गाडीत बसून प्रेअरी डॉग मोजत राहिले, एकशे बारापर्यंत गेले होते.