आस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टर करून देणारी सेवा : एका ईटीपीवालीचा अनुभव

आमच्या ईटीपीचं, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं, जुनं आस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टर (आपल्या कामाचा पर्यावरणावर कुठे काय परिणाम होतो याची यादी) ४२ ओळींचं होतं. त्यातली एक ओळ होती 'चिमणीतून निघणारा धूर'. आमच्या ईटीपीला चिमणी नाही, कधीच नव्हती. कोणीतरी दुसऱ्या कारखान्याची फाईल उघडून वरचं नाव बदलून दिली होती आणि आम्ही चार वर्षं तिच्यावर सह्या करत होतो. त्यातल्या दोन सह्या माझ्या. एकाही ऑडिटरने विचारलं नाही, की बाई, ती चिमणी दाखवा.

म्हणून यंदा नवीन सल्लागार बोलावले. तीन दिवस साइटवर, मग पंधरा दिवसांत रजिस्टरचा मसुदा, मग एक दुरुस्ती, असं ठरलं होतं. फर्मचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. मी आधी शिफ्ट केमिस्ट होते, आता इन्चार्ज आहे, म्हणजे टाकीच्या काठावरून लिहितेय असं समजा.

पहिल्या दिवशी मी कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टर लावून ठेवला होता. याआधी जे आले ते तिथेच बसून उंटावरून शेळ्या हाकत. यावेळी दोघंजण आले, एक वयस्कर गृहस्थ आणि एक तरुण मुलगी. गृहस्थांनी हेल्मेट मागितलं आणि सरळ डोसिंगच्या प्लॅटफॉर्मवर चढले. तिथे आमचे मामा चुन्याची पोती मोकळी करत होते.

"मामा, इतक्यात लाईट कधी गेली होती?"

"परवा रात्री. दीडेक तास."

"मग ब्लोअर?"

"बंदच की. जनरेटर प्रॉडक्शनला जातो, आपल्याला नाही."

"आणि लाईट आल्यावर क्लॅरिफायरमध्ये काय दिसलं?"

मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा बोलले. "गाळ वर आला होता. पापड्या पापड्या. सकाळपर्यंत वीअरवरून जात होता."

हे मला माहीत होतं. (ब्लोअर म्हणजे जिवाणूंच्या टाकीत हवा मारणारं यंत्र, क्लॅरिफायर म्हणजे गाळ तळाशी बसवायची टाकी, आणि वीअर म्हणजे तिचा काठ, जिथून वरचं पाणी बाहेर जातं.) क्लॅरिफायरच्या तळाशी गाळ थांबून राहिला, त्यातला प्राणवायू संपला, की जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात. नायट्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि बसलेला गाळ उचलून वर आणतात. मग तोच गाळ शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर बाहेर. कारण माहीत, उपाय माहीत, आणि रजिस्टरमध्ये त्याची एकही ओळ नाही, कारण आमचं सगळं रजिस्टर प्लांट सुरळीत चाललाय असं धरून लिहिलेलं. आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ६.१.२ या कलमात स्पष्ट म्हटलंय, की नेहमीपेक्षा वेगळी परिस्थिती आणि अंदाज करता येतील अशा आणीबाणीच्या घटनाही धरायच्या. त्या गृहस्थांनी कलम वाचून दाखवलं नाही. लाईट कधी गेली एवढंच विचारलं.

दुसरी गोष्ट मला अजून टोचते. आमच्याकडे एक बायपास व्हॉल्व्ह आहे. त्यातून कच्चं पाणी एरेशन टँक (जिवाणूंची हवा मारलेली टाकी) टाळून पुढे जाऊ शकतं. कागदावर तो 'कायम बंद'. पाहणी करताना ते तिथे थांबले आणि बोटाने चाक पुसलं. त्या ओळीतल्या बाकीच्या सहा व्हॉल्व्हच्या चाकांवर गंज होता, रंगाचे पोपडे होते. याचं चाक कडेने गुळगुळीत, चकचकीत. हात लागून लागून झालेलं. ते काही बोलले नाहीत, वहीत लिहून पुढे गेले. संध्याकाळी मी स्वतःहून सांगितलं. सुट्टीनंतर सगळी मशीन एकदम सुरू होतात, धुलाईचं पाणी एकाच वेळी येतं, इक्वलायझेशन टँक (आलेलं पाणी आधी साठवून एकसारखं करायची टाकी) भरून वाहायला लागतो, तेव्हा रात्रपाळी काय करणार? आता त्या चाकाला सील आहे, शेजारी नोंदवही आहे, आणि इक्वलायझेशनची पातळी सुट्टीच्या आधी निम्म्यावर आणायचा नियम आहे. तीन महिन्यांत चाकाला थोडा गंज धरलाय.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने मोठ्या कागदावर एकेक टाकी काढली आणि बाण मारत गेली. आत काय येतं, बाहेर काय जातं. आत पाणी, रसायन, वीज, हवा. बाहेर पाणी, गाळ, वास, फेस, आवाज, ब्लोअरचं जळकं तेल, ॲसिडचे रिकामे कॅन. कागद संपला, दुसरा जोडला. आमच्या जुन्या रजिस्टरमध्ये आस्पेक्टच्या रकान्यात 'जलप्रदूषण' आणि इम्पॅक्टच्या रकान्यात 'पाणी प्रदूषित होते' असं होतं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने गाळ पिळणाऱ्या फिल्टर प्रेसखालची ओल दाखवली. प्रेसचं गळणारं पाणी जमिनीत मुरतं, हा आस्पेक्ट, म्हणजे आपल्या कामाचा पर्यावरणाशी संबंध येतो ती जागा. त्यामुळे भूजलातले क्षार वाढतात, हा इम्पॅक्ट, म्हणजे तिथे होणारा बदल. एवढं साधं कोणी चार वर्षांत सांगितलं नव्हतं.

त्या बाणांचा खरा उपयोग चुन्याच्या टाकीपाशी कळला. आमचं एक स्ट्रीम, म्हणजे सांडपाण्याचा प्रवाह, गंधकाम्लाचं. ते आम्ही चुन्याने न्यूट्रल करतो. मी अनेक वर्षं मॅनेजमेंटच्या मागे लागले होते की चुना बंद करा, कॉस्टिक सोडा द्या, गाळाने नाकी नऊ आलेत. मुलीने हिशेब मांडला. १ किलो गंधकाम्ल चुन्याने मारलं की साधारण पावणेदोन किलो जिप्सम तयार होतं. थोडं विरघळून पाण्याबरोबर जातं, बाकीचं गाळात. कॉस्टिक वापरलं तर गाळ जवळपास नाहीच, पण सगळं सोडियम सल्फेट होऊन पाण्यात विरघळतं आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, वाढतो. पुढे आरओ आहे, म्हणजे तेच मीठ रिजेक्टमध्ये (आरओतून उरलेल्या खाऱ्या पाण्यात) घट्ट होऊन बसणार आणि ते आटवायला वाफ लागणार. माझी मागणी म्हणजे आगीतून फुफाट्यात उडी होती. 'गाळ कमी झाला' एवढीच ओळ रजिस्टरमध्ये आली असती आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. आता ते ॲसिड मुळात कमी कसं येईल, यावर प्रॉडक्शनशी बोलणं सुरू आहे. ते भांडण वेगळं.

आणि मग लॅब. माझी लॅब. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे. सीओडीची, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय भार मोजायची, चाचणी आम्ही जुन्या रिफ्लक्स पद्धतीने करत होतो. ५० मिलि नमुन्याला क्लोराइड बांधून ठेवायला १ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट पडतं. शिवाय डायक्रोमेट, सिल्व्हर सल्फेट आणि भरपूर गंधकाम्ल. रोज चार नमुने आणि एक ब्लँक (तुलनेसाठी शुद्ध पाणी). मुलीने विचारलं, "मॅडम, टायट्रेशन झाल्यावर फ्लास्क कुठे रिकामा करता?" मी सिंककडे बोट दाखवलं. "सिंक कुठे जातं?" ईटीपीच्या इनलेटला. ती गप्प राहिली आणि मीच मनात गुणाकार केला. दिवसाला ५ ग्रॅम, महिन्याला १५० ग्रॅम, त्यात जवळपास १०० ग्रॅम पारा. जिवाणू साखर खातात, स्टार्च खातात, पारा खात नाहीत. तो गाळात जातो, नाहीतर पाण्याबरोबर जातो. प्रदूषण मोजायच्या नावाखाली मी रोज पारा ओतत होते. आता तो कचरा वेगळ्या कॅनमध्ये जमा होतो, घातक कचऱ्यात जातो, आणि चाचणी बंद नळीच्या पद्धतीने, अडीच मिलि नमुन्यावर होते. नुसत्या या एका ओळीसाठी फी वसूल झाली असं मी म्हणेन.

आता तक्रारी.

गुणांकनाची पद्धत मला पटली नाही. गांभीर्य गुणिले शक्यता, १२ च्या वर गेलं तर महत्त्वाचा आस्पेक्ट. पहिल्या मसुद्यात कलेक्शन संपमधल्या (सांडपाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यातल्या) हायड्रोजन सल्फाइडला गांभीर्य ५, शक्यता १, एकूण ५. ऑफिसच्या कागदाला गांभीर्य २, शक्यता ५, एकूण १०. म्हणजे प्रिंटरचा कागद विषारी वायूच्या दुप्पट महत्त्वाचा! हा वायू हवेपेक्षा जड, संपच्या तळाशी साठतो. कुजक्या अंड्याचा वास येतो तोवर ठीक, पण साधारण १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला. गृहस्थ म्हणाले, ते सेफ्टीच्या रजिस्टरमध्ये येईल. निम्मं खरं. पण झाकण उघडल्यावर तो वायू कुंपणाबाहेरही जातो, आणि शेजाऱ्यांच्या वासाच्या तक्रारी सेफ्टीवाले घेत नाहीत, माझ्याकडे येतात. गुणाकारच करायचा असं मानकात कुठेही नाही. महत्त्वाचा आस्पेक्ट ठरवायची एकच एक पद्धत नाही, हे मानक स्वतःच म्हणतं. बरीच वादावादी झाल्यावर त्यांनी नियम घातला, की कायदेशीर बंधन असेल किंवा आणीबाणीची शक्यता असेल तर गुण न बघता थेट महत्त्वाचा. हे त्यांनीच आधी करायला हवं होतं.

दुसरी तक्रार एरेशनची. अशा प्लांटच्या विजेतला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा हवा मारण्यात जातो. आमचा डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू, रात्री ५ च्या वर जात होता, कारण रात्री लोड कमी आणि ब्लोअर तेवढाच. तो २ च्या आसपास ठेवा, हा सल्ला बरोबर, आम्ही पाळला, वीज वाचली. पण रजिस्टरमध्ये त्या टाकीतून निघणाऱ्या वायूंमध्ये फक्त कार्बन डायऑक्साइड लिहिलेला. नायट्रस ऑक्साइडचा पत्ता नाही. अमोनियाचं नायट्रेट होताना आणि नायट्रेटचा नायट्रोजन होताना तो मधल्या पायरीवर निसटतो. हवामानबदलावरच्या आयपीसीसीच्या सहाव्या अहवालाप्रमाणे १०० वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. आणि डीओ गरजेपेक्षा खाली गेला तर तो वाढू शकतो. म्हणजे वीज वाचवायचा सल्ला द्यायचा आणि त्याचा हा उलटा पदर लिहायचा नाही, हे पाण्याच्या माणसांकडून अपेक्षित नव्हतं. मी लिहून पाठवल्यावर दुरुस्तीत ओळ आली, 'सुचवल्याबद्दल धन्यवाद'सकट. चुकीला चूक म्हटलं, सारवासारव केली नाही, हे मान्य.

रिकामी पोती, सांडलेलं घसरडं पॉली (गाळ गोळा करणारं रसायन), ब्लोअरचा आवाज हे सगळं नीट घेतलंय, त्यावर जास्त लिहीत नाही. चांगल्या परिणामांच्या ओळी मात्र केविलवाण्या आहेत. पाण्याचा पुनर्वापर एवढंच. आमच्या जास्त सीओडीच्या स्ट्रीमला ॲनारोबिक (हवेविना चालणारा) रिॲक्टर लावला तर १ किलो सीओडी निघताना साधारण ०.३५ घनमीटर मिथेन मिळू शकतो. तो पकडला तर इंधन, सुटला तर डोक्याला ताप. अशी दुहेरी ओळ हवी होती.

पाचपैकी चार. ज्यांना ऑडिटपुरती फाईल हवी त्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये, माणसं खोदतात आणि तीन दिवस तुमच्या ऑपरेटरांचा वेळ खातात. ज्यांना बोलवायचंय त्यांनी एक भेट रात्रपाळीत मागून घ्या. करारात नसते, पण मागितली तर येतात. आमच्याकडे रात्री दोन वाजता आले होते, मामांनी दिलेला चहा पिऊन पहाटेपर्यंत क्लॅरिफायरवर टॉर्च मारत बसले.

एक तारा कापला तो एक्सेलसाठी. फायनल शीटमधले गुणांचे सगळे रकाने लॉक करून दिलेत. आमचंच रजिस्टर, आणि उद्या पंप बदलला तर गुण बदलायला त्यांना फोन करायचा. पासवर्ड दोनदा मागितलाय. दोन्ही वेळा 'पाठवतो' असं उत्तर आलंय.