सोळा इंची सायकल आणि भाट्याची ओली वाळू

गेल्या दिवाळीत सहा वर्षांच्या मुलीसाठी रत्नागिरीच्या बाजारपेठेतून १६ इंची चाकांची सायकल ५,४०० रुपयांना घेतली. खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात ती कशी टिकते हे पाहिल्याशिवाय मत देणे योग्य वाटले नाही, म्हणून पूर्ण एक पावसाळा उलटल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

मूल वाढते आहे तेव्हा २० इंचीच न्या, असा दुकानदाराचा आग्रह होता. तो मानला नाही हे बरे झाले. शिकणाऱ्या मुलाचे सीटवर बसून दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. वीस इंचीवर तिचे जेमतेम चवडे टेकत होते. आमच्या लहानपणी ही निवड नव्हतीच. घरात वडिलांची २८ इंची चाकांची काळी सायकल असे आणि सीटपर्यंत पोहोचत नसल्यामुळे मधल्या दांड्याखालून पाय घालून, अंग तिरके करून, अर्धे पायडल मारतच शिकावे लागे.

सायकलीसोबत मागच्या चाकाला लावायची दोन आधाराची चाके मिळाली आणि माझी पहिली तक्रार त्यांच्याबद्दल आहे. आमच्या जांभ्याच्या अंगणात जमीन कुठेच सपाट नाही. दोन्ही बाजूंची छोटी चाके उंचवट्यांवर चढली की मधले मोठे चाक अधांतरी राहते. मग मूल जिवाच्या आकांताने पायडल मारते आणि सायकल मात्र जागची हलत नाही. याहून मोठा दोष असा की वळताना सायकल आतल्या बाजूला झुकावी लागते, आणि ही चाके तिला झुकूच देत नाहीत. दोन महिने मुलगी तीनचाकीच चालवत होती, असे म्हणायला हरकत नाही. शेवटी ती चाके काढली आणि त्यांच्याबरोबर दोन्ही पायडलेही काढली. (डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटते. हे न समजल्याने मी अर्धा तास पान्याशी झटापट केली.) १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी बनवलेल्या दुचाकीलाही पायडले नव्हती, माणूस जमिनीला पाय मारत पुढे जात असे. पायडले आली ती त्यानंतर काही दशकांनी. मुलालाही त्याच क्रमाने शिकवणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

शिकवण्यासाठी भाट्याचा किनारा निवडला, कारण रत्नागिरीत रस्ता म्हटला की चढ किंवा उतार आलाच. ओहोटीला, आमच्या भाषेत सुकतीला, पाणी मागे सरले की सुरूच्या बनासमोर ओल्या वाळूचा घट्ट पट्टा उघडा पडतो. त्यावर चाक रुतत नाही आणि पडले तरी गुडघा फुटत नाही. कोरड्या वाळूत मात्र ही सायकल मोठ्या माणसालाही ढकलवत नाही. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे सोयीची संध्याकाळ सलग तीन-चार दिवसच मिळते. पहिल्या चार दिवसांत मुलगी पायांनी ढकलत दहा-बारा हात तोल सांभाळू लागली. ज्या बाजूला पडशील असे वाटते त्याच बाजूला हँडल वळव, एवढेच तिला सांगत होतो; ते तिला पटत नव्हते, पण हातांना आपोआप जमले. पुढच्या सुकतीला पायडले परत बसवली आणि मी मागून धरलेले सीट सोडल्याचे तिला बऱ्याच पुढे गेल्यावर कळले.

ब्रेकबद्दल समाधान नाही. मूठ इतकी दूर होती की लहान बोटे तिथवर पोहोचत नव्हती. मुठीजवळचा छोटा स्क्रू आवळून ती जवळ आणता येते, पण हे दुकानात कोणी सांगितले नाही. पावसात लोखंडी रिम ओली झाली की रबरी गुटके घसरतात, म्हणून मारुती मंदिराकडून जयस्तंभाकडे उतरणाऱ्या रस्त्यासारख्या उतारावर ही सायकल मुलाच्या हाती देऊ नये.

गंजाच्या बाबतीत निकाल संमिश्र आहे. रंगवलेली चौकट आजही नव्यासारखी आहे, तर चकाकणाऱ्या हँडलवर आषाढातच तांबडे ठिपके उमटले आणि तारांच्या टोकांना गंज चढला. साखळीवरचे आवरण अर्धेच असल्याने वाळू थेट तेलकट कड्यांत जाऊन बसते. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, फडक्याने कोरडी करून शिवणयंत्राचे तेल सोडणे हा क्रम मी चुकवलेला नाही. शेजाऱ्यांनी खोबरेल सुचवले होते, पण ते थंडीत थिजते आणि वाळूला धरून ठेवते. टायर-ट्यूब अजून मूळचेच आहेत. एकच पंक्चर झाले, तेही बाभळीच्या काट्याने.

सहा ते आठ वर्षांच्या मुलासाठी ही सायकल जरूर घ्यावी, मात्र आधाराच्या चाकांचे पैसे वजा करून मागावे आणि पूर्ण आवरणाची साखळी मिळत असेल तर थोडे जास्त मोजावेत. घंटी पहिल्या पावसातच मुकी झाली. ती बदलून घेतली, आणि आता सकाळी सहापासून सबंध वाडी ती ऐकत असते.