जुन्या भिंतीला काय करायचं: ग्राउटिंग, पूर्ण जॅकेटिंग की नुसते जाळीचे पट्टे?

जळगावच्या पारोळा-अमळनेरकडे अजून कितीतरी धाब्याची घरं उभी आहेत, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दीड-दोन फुटी भिंती, वर सागाच्या खांडा आणि पांढरी माती. टिकवायचं ठरवलं की प्रत्येक मिस्त्री वेगळंच सांगतो, म्हणून हे लिहितोय.

ग्राउटिंग म्हणजे भोकं पाडून भिंतीत पातळ सिमेंट सोडायचं. चुन्यातलं पक्कं वीटकाम आणि बारीक तडे असतील तर छान काम होतं, भिंतीचं रूपही बदलत नाही. पण मातीच्या गाऱ्यात ते नीट पसरत नाही, आणि कोपरा सुटला असेल तर नुसतं भरून दोन भिंती एकमेकींना धरत नाहीत.

जॅकेटिंग सगळ्यात ताकदीचं, दोन्हीकडून अख्ख्या भिंतीवर वेल्ड मेश (वेल्डिंग केलेली तारेची जाळी) आणि सिमेंटचा थर. पक्क्या विटांची शाळा असेल तर मी हेच करा म्हणेन. मात्र वजन बघा, दोन्हीकडे दीड-दीड इंच धरलं तर चौरस फुटाला साधारण 16 किलो, म्हणजे 30 बाय 10 फुटाच्या भिंतीवर जवळपास 5 टन जादा, जुना पाया झेलेल का? काकांकडे तर पैसे वाचवायला फक्त बाहेरून जाळी मारली, आरपार सळई एकपण नाही. दोन पावसाळ्यात बोटाने वाजवलं की बद्द आवाज यायला लागला, मग कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा थर सुटला आणि मागे माती ओलीचिंब, लोणा लागलेला.

म्हणून साध्या घराला माझं मत पट्ट्यांना. दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली जाळीचा आडवा पट्टा, कोपऱ्यांत उभा, आतून-बाहेरून दोन्हीकडे, सांधे अर्धा इंच खरवडून एकास तीन मालाने (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) भरलेला आणि आरपार सळयांनी बांधलेला, बाकी भिंत मोकळी राहते, श्वास घेते. दगडी भिंत असेल तर आरपार बांधणी सोडूच नका, किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात जाड भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटे होऊन माणसांच्या अंगावर पडले, आणि आपला जळगाव जिल्हाही आयएस 1893 या भूकंपासाठीच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या नकाशात झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. भिंतीला पोट सुटलं असेल, ओळंबा लावल्यावर स्पष्ट दिसत असेल, तर तेवढा भाग आधी टेकू देऊन उतरवून परत रचा, वरून पट्टा मारून ते सरळ होत नाही.

आणि काळ्या जमिनीवरचं घर असेल तर घाई करू नका. तड्यावर काचेची पट्टी चिकटवा (तडा हलला की ती फुटते), वर तारीख टाका, वर्षभर बघा. मे महिन्यात तडा उघडतो आणि पावसाळ्यात मिटतो असं दिसलं तर दुखणं भिंतीचं नाही, खालच्या मातीचं आहे, पैसे आधी पन्हाळी आणि भिंतीलगतचं पाणी लांब नेण्यात घाला. पट्ट्याचं काम दिवाळीनंतर काढा, आपल्याकडच्या 44-45 डिग्रीत प्लास्टर दुपारपर्यंतच सुकतं, हिवाळ्यात ओलं गोणपाट लावून आठ-दहा दिवस पाणी मारता येतं.