ज्ञान पोस्ट : काही महिने वापरल्यानंतर (आणि दिवाळी अंकांचं दुखणं)

मी जुनी पुस्तकं विकते. अप्पा बळवंत चौक आणि ओळखीच्यांचे माळे, तिथून उचलायची, फोटो टाकायचे, ऑर्डर आली की पाठवायची. आधी सगळं कुरियरने जायचं. नाव घेत नाही, पण एका कुरियरवाल्याने सोलापूरच्या गिऱ्हाइकाच्या दारात न जाताच 'दरवाजा बंद' असा शेरा मारून पुस्तक परत पाठवलं आणि वर परतीचे पैसे माझ्याकडे मागितले. त्या काकू पाय प्लास्टरमध्ये घालून दिवसभर घरात बसलेल्या! त्या दिवसापासून मी पोस्टात.

ज्ञान पोस्ट, म्हणजे पुस्तकं स्वस्तात पाठवायची पोस्टाची सेवा, 1 मे 2025 ला सुरू झालं तेव्हा मी ढुंकूनही बघितलं नव्हतं, कारण 2024 च्या डिसेंबरात रजिस्टर्ड बुक पोस्ट (पुस्तकं पाठवायची जुनी सोय) बंद केलं त्याचा राग डोक्यात होता. पण रेट ऐकून गेला राग. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 500 पर्यंत 25, किलोपर्यंत 35, पाच किलोला 100, वर जीएसटी. ट्रॅकिंगसकट. 35 रुपयांत कुरियरवाला माझा फोन तरी उचलेल का?

आता किचनमधला वजनकाटा कायमचा पुस्तकांच्या टेबलावर आलाय. पुस्तक 480 ग्रॅम, पुठ्ठा आणि टेप धरून 510 झालं की गेले दहा रुपये जास्त. मग मी पुठ्ठ्याच्या कडा कापते, टेपचा एक वेढा कमी करते, परत काट्यावर. नवरा हसतो. हसू दे, कणीक मोजायला तो काटा तसाही कोणी वापरत नव्हतं.

वेळ लागतो हे मात्र धरून चला. सगळं सरफेसने जातं, म्हणजे रेल्वे नाहीतर गाडी, विमान नाही. काउंटरवरून बॅग निघते, पिनकोडचे पहिले तीन आकडे बघून (आपलं पुण्याचं 411) सॉर्टिंग होतं, तिकडे पोचल्यावर पुन्हा सॉर्टिंग आणि मग पोस्टमनची बीट, म्हणजे त्याची वाटपाची ठरलेली फेरी. म्हणून बॅग कधी बंद होते ते आपापल्या पोस्टात विचारून ठेवा, ती निघून गेल्यावर बुक केलं तर पाकीट रात्रभर तिथेच. पाकिटावर 'ज्ञान पोस्ट' ठळक लिहा आणि पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव आहे ना ते बघून घ्या.

सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत सुटले होते की पुस्तक म्हणजे ज्ञान पोस्टच. आता तसं नाही सांगत. 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टचे नवे दर आलेत, त्यात लोकलला 500 ग्रॅमपर्यंत 28 रुपये. म्हणजे सदाशिव पेठेतून कोथरूडला पाठवायचं तर फक्त तीन रुपये जास्त आणि पोचतं भराभर. पुण्यातल्या पुण्यात स्पीड पोस्टच करा.

आता माझं खरं दुखणं. दिवाळी अंक! ज्ञान पोस्टात नियतकालिकं चालत नाहीत, जाहिरातींनाही मनाई, आणि आपले दिवाळी अंक साबणापासून सोन्यापर्यंत जाहिरातींनी भरलेले. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "ताई, हे पुस्तक नाही, हा अंक आहे."

मी म्हटलं, "अहो, वर्षातून एकदाच येतो!"

"म्हणजे दर वर्षी येतो ना?"

यावर काय बोलणार. नियमाने त्या बरोबर होत्या, मला मान्य आहे, पण खिशाला मान्य नाही. चारशे ग्रॅमचा अंक नागपूरला पाठवायचा तर स्पीड पोस्टने 82 रुपये अधिक जीएसटी, तेवढ्याच वजनाची कादंबरी 25 मध्ये जाते. जुना अंक मी विकते साठ-सत्तरला! माळ्यावर दोन खोकी भरून पडलेत, त्यातले काही तर चाळीस वर्षांपूर्वीचे, जाहिरातीतली दुकानंसुद्धा आता राहिली नाहीत. तीन-चार अंक एकत्र बाइंड करून पुस्तक म्हणून चालतील का असंही विचारून बघितलं, मॅडमनी नुसतं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

असे बाइंड केलेले अंक कोणी ज्ञान पोस्टाने पाठवले असतील तर सांगा, बाइंडिंगवाला ओळखीचा आहे.