आठ जीबीच्या लॅपटॉपवर डेव्हलपमेंट सर्व्हर: झॅम्प, डॉकर डेस्कटॉप, डब्ल्यूएसएलमधलं डॉकर की पॉडमन?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या पेढीसाठी हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे नोंदवणारं, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढणारं छोटं वेब अॅप आहे असं धरू. पीएचपी आणि मायएसक्यूएल. चढणार ते लिनक्सच्या भाड्याच्या सर्व्हरवर, पण लिहिलं जातंय विंडोज ११ च्या लॅपटॉपवर. रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबी. मिरज, सांगली, कराड, साताऱ्यात शिकणाऱ्या मुलांच्या आणि दोन-चार जणांच्या फर्मच्या हातात असतं तसलंच मशीन, म्हणून तुलना त्याच्यासाठीच केली आहे. नावांची ओळख थोडक्यात: झॅम्प म्हणजे अपाची वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकदम बसवणारा संच. डॉकर आणि पॉडमन अॅपचा एकेक भाग ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतात; तो डबा ज्या तयार साच्यातून बनतो ती ‘इमेज’. कंटेनर चालवतं ते डॉकर इंजिन, आणि त्यालाच खिडक्या-बटणं दिली की डॉकर डेस्कटॉप. डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, उबंटू हा त्यातला लिनक्स.

ज्याला लगेच ठरवायचंय त्याच्यासाठी निकाल आधीच. रॅम ८ जीबी असेल तर डब्ल्यूएसएलच्या उबंटूत थेट डॉकर इंजिन टाका. १६ जीबी असेल, किंवा टीममधल्या कुणाला टर्मिनलची सवय नसेल, तर डॉकर डेस्कटॉप. मशीनवर मुळातच लिनक्स असेल तर पॉडमन पाहण्यासारखं आहे. झॅम्प फक्त पीएचपी शिकण्यापुरतं. पण चारांतलं काहीही निवडा, रोजचा वेग आणि डेटाची सुरक्षितता त्या नावावर कमी आणि फाइली कुठं ठेवल्या यावर जास्त ठरते. म्हणून त्या भागावर खाली जास्त लिहिलं आहे.

झॅम्प: चटकन लागतं, पण सर्व्हरसारखं नसतं

इन्स्टॉलर चालवला की दहा-पंधरा मिनिटांत अपाची आणि डेटाबेस सुरू. रॅम कमी खातं, इंटरनेट एकदाच लागतं. अडचण पुढं येते. पहिली गोष्ट, कंट्रोल पॅनेलवर मायएसक्यूएल लिहिलेलं असलं तरी आत मारियाडीबी असतं. दुसरी, विंडोजवर टेबलांच्या नावात लहान-मोठं अक्षर एकच धरलं जातं. लिनक्सवर ती दोन वेगळी नावं. कोडमध्ये एका ठिकाणी ‘सौदा’ टेबलाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि दुसरीकडं स्मॉल असेल, तर लॅपटॉपवर सगळं चालतं आणि सर्व्हरवर चढवल्यावर ‘टेबल सापडत नाही’ येतं. इनक्लूड केलेल्या फाइलींच्या नावांचंही तसंच.

तिसरी गोष्ट वीज. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपची लाइट गेली की झॅम्पचं ‘मायएसक्यूएल शटडाउन अनएक्सपेक्टेडली’ हे लाल अक्षरातलं वाक्य ठरलेलं. इथं पुष्कळ जण कुठंतरी वाचून आयबीडेटा१ ही फाइल उडवतात. ती उडवू नका. इनोडीबीच्या (टेबलं साठवणाऱ्या डेटाबेसच्या भागाच्या) टेबलांची यादी तिच्यातच असते; ती गेली की टेबलांच्या फाइली डिस्कवर दिसतात पण उघडत नाहीत. आधी अख्खा डेटा फोल्डर दुसरीकडं कॉपी करा, मग त्याच फोल्डरमधल्या एरर लॉगचे शेवटच्या ओळींतले संदेश वाचा. बऱ्याचदा फक्त ३३०६ पोर्ट आधीच दुसऱ्या मायएसक्यूएलनं धरलेलं निघतं.

डॉकर डेस्कटॉप आणि डब्ल्यूएसएलमधलं इंजिन

दोघांच्या पोटात इंजिन एकच आणि दोघंही इथं डब्ल्यूएसएल २ वर चालतात. त्यामुळं सुरुवात सारखीच: टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडून ‘व्हर्च्युअलायझेशन’ समोर ‘एनेबल्ड’ आहे का पाहा. नसेल तर बायोसमध्ये इंटेलसाठी व्हीटी-एक्स, एएमडीसाठी एसव्हीएम चालू करा. मग पॉवरशेल ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’नं उघडून डब्ल्यूएसएलचा ‘इन्स्टॉल’ आदेश द्या, मशीन रीस्टार्ट करा. सोबत उबंटू येतं.

डेस्कटॉप घेतलं तर पुढचं काम इन्स्टॉलरच करतो. कंटेनरची यादी, लॉग, जागा किती खाल्ली हे खिडकीत दिसतं. पोर्ट उघडलं की ते थेट विंडोजवर लागतं, म्हणून फायरवॉलनं परवानगी दिली की त्याच वायफायवरच्या मोबाइलवरून अॅप उघडून पाहता येतं. पेढीवरचा माणूस अॅप फोनवरच वापरणार असेल तर ही सोय मोठी आहे. त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. क्रोमच्या दहा टॅब आणि व्हीएस कोड उघडं असताना ८ जीबीवर डेस्कटॉपचं स्वतःचं ओझं जाणवतं. परवान्याचंही पाहून घ्या: २५० पेक्षा कमी माणसं आणि वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरच्या आत, या दोन्ही अटी पाळणाऱ्या फर्मला ते फुकट आहे, शिक्षणासाठी आणि वैयक्तिक वापरालाही फुकट. सरकारी संस्थेला मात्र पैसे भरावे लागतात. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या संगणकावर ते टाकून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नुसत्या इंजिनाला अशी अट नाही.

इंजिनाचा रस्ता थोडा लांब आहे, पण एकदाच चालायचा आहे. उबंटूत डॉकरची अधिकृत रिपॉझिटरी जोडून इंजिन, कमांडलाइन, कंटेनरडी आणि कंपोज प्लगइन (अनेक कंटेनर एका फाइलीतून एकदम चालवणारं) एपीटीनं, म्हणजे उबंटूच्या सॉफ्टवेअर बसवायच्या आदेशानं, टाका. स्वतःचा युजर ‘डॉकर’ ग्रुपमध्ये घाला, नाहीतर प्रत्येक आदेशाला सुडो (रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, अधिकार) लागेल. या ग्रुपमधल्या माणसाला प्रत्यक्षात रूटचेच अधिकार मिळतात, म्हणून लॅबच्या सामायिक मशीनवर सरसकट सगळ्यांना त्यात घालू नये. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडल्यावरच ग्रुप लागू होतो. सर्व्हिस आपोआप सुरू होत नसेल तर उबंटूच्या डब्ल्यूएसएल कॉन्फ फाइलमध्ये बूट विभागाखाली सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) चालू आहे का बघा.

दोन गोष्टी नव्या माणसाला चकवतात. उबंटूच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की थोड्या वेळानं डब्ल्यूएसएल झोपी जातं आणि त्याच्याबरोबर कंटेनरही थांबतात. सिस्टमडीची सर्व्हिस चालू असली तरी ती त्याला जागं ठेवत नाही. काम चालू असताना एक टर्मिनल उघडं ठेवायचं, एवढंच. दुसरी, पोर्ट त्या लॅपटॉपच्या लोकलहोस्टवर दिसतं पण मोबाइलवरून दिसत नाही. विंडोज ११ च्या २२एच२ किंवा पुढच्या आवृत्तीवर डब्ल्यूएसएलचं नेटवर्किंग ‘मिरर्ड’ (विंडोजच्याच नेटवर्कसारखं) करता येतं; त्याआधीच्या विंडोजवर पोर्टप्रॉक्सी (विंडोजचं पोर्ट आत वळवणारी सोय) लावावी लागते.

मेमरीला लगाम दोन्हीकडं लागतो. डब्ल्यूएसएल मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे ८ मधले ४ जीबी. विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये ‘डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ नावाची फाइल करून मेमरी ३ जीबी आणि प्रोसेसर २ लिहा, मग डब्ल्यूएसएलला ‘शटडाउन’ देऊन पुन्हा सुरू करा. नोटपॅड गुपचूप शेवटी टीएक्सटी जोडतो आणि सेटिंग लागत नाही. फाइलचं एक्स्टेन्शन दिसेल असं करून तपासा. मायएसक्यूएल ८ रिकामं असतानाही साधारण ४०० एमबी घेतं. परफॉर्मन्स स्कीमा (डेटाबेसच्या कामाची मोजमापं ठेवणारा भाग) बंद केलं तर त्यातलं बरंच परत मिळतं आणि डेव्हलपमेंटला त्याविना काही अडत नाही.

फाइली कुठं

प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर डॉक्युमेंट्समध्ये ठेवून तो फोल्डर कंटेनरला जोडणं ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महाग चूक. लिनक्सकडून सी ड्राइव्हवरची प्रत्येक फाइल उघडताना विंडोज आणि लिनक्सच्या मधली भिंत ओलांडावी लागते. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या व्हेंडर फोल्डरसारख्या हजारो बारक्या फाइली असल्या की पान उघडायला डोळ्यांना दिसेल इतका वेळ लागतो. शिवाय सी ड्राइव्हवर फाइल बदलल्याची वर्दी लिनक्सला मिळत नाही, म्हणून आपोआप रीलोड होणारे सर्व्हर गप्प बसतात. लोक मग डॉकरला नावं ठेवून झॅम्पकडं परत जातात.

उपाय साधा आहे. उबंटूच्या होम फोल्डरमध्ये गिट क्लोन करा, तिथूनच ‘कोड’ पुढं टिंब देऊन व्हीएस कोड उघडा. त्याचं डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शन बाकीचं बघून घेतं. डेस्कटॉप असो वा इंजिन, नियम हाच. टेबलांच्या आणि फाइलींच्या नावातला लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही तिथं सर्व्हरसारखाच लागतो, म्हणजे ती चूक लॅपटॉपवरच सापडते.

विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट कंटेनरमध्ये ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणते आणि फाइल तर समोर दिसत असते, असं झालं तर ओळीच्या शेवटी लिनक्सच्या एलएफऐवजी विंडोजची सीआरएलएफ ही खूण आहे हे समजा. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत ते एलएफ करा आणि गिट अॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल फाइलींना एलएफ पक्कं करा.

जागेचं एक: इमेज उडवल्या तरी सी ड्राइव्हवर जागा परत येत नाही. उबंटूची डिस्क ही विंडोजसाठी एक मोठी व्हीएचडीएक्स फाइल असते. ती फुगते, पण आपणहून आकसत नाही. आधी ‘डॉकर सिस्टम डीएफ’नं कुठं किती गेलंय ते पाहा, ‘प्रून’ करा, डब्ल्यूएसएल बंद करा, मग डिस्कपार्टमध्ये ती फाइल निवडून ‘कॉम्पॅक्ट व्हीडिस्क’ द्या. २५६ जीबीच्या एसएसडीवर हे अधूनमधून करावंच लागतं.

डेटाबेस

डेटा नेम्ड व्हॉल्यूममध्ये (डॉकर स्वतः सांभाळतं त्या, नाव दिलेल्या साठवणीत) ठेवा. विंडोजचा फोल्डर मायएसक्यूएलच्या डेटासाठी जोडू नका. परवानग्या बिघडतात आणि वेग मरतो. ‘कंपोज डाउन’नं कंटेनर जातात, व्हॉल्यूम राहतं. त्याच आदेशाला व्हीचा पर्याय लावला की व्हॉल्यूमही जातं, विचारत नाही. हंगामाचे चाचणीचे सौदे भरून ठेवले असतील तर ते एका अक्षरानं गेले.

कंपोज फाइलमध्ये रूटचा पासवर्ड बदलला तरी जुनाच चालतो, अशी तक्रार हमखास येते. मायएसक्यूएलची अधिकृत इमेज तो पासवर्ड आणि सुरुवातीच्या एसक्यूएल फाइली फक्त डेटा फोल्डर रिकामा असताना वाचते. एकदा व्हॉल्यूम भरलं की आत जाऊन ‘ऑल्टर युजर’च करावं लागतं.

अॅपमधून डेटाबेसचा होस्ट लोकलहोस्ट लिहू नका. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. कंपोजमध्ये सर्व्हिसचं जे नाव तेच होस्टचं नाव. बाहेरून पाहायला पोर्ट उघडताना १२७.०.०.१ आधी लिहून मग ३३०६ लिहा. नुसतं ३३०६ लिहिलं तर ते सगळ्या नेटवर्ककडं उघडं होतं, आणि लिनक्सवर तर डॉकर यूएफडब्ल्यू फायरवॉलला वळसा घालून जातं. पीएचपीची अधिकृत इमेज मायएसक्यूएलचा ड्रायव्हर सोबत देत नाही. डॉकरफाइलमध्ये ‘डॉकर पीएचपी एक्स्ट इन्स्टॉल’नं पीडीओ मायएसक्यूएल घाला, नाहीतर ‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’. आणि ‘डिपेंड्स ऑन’ फक्त कंटेनर सुरू होण्याची वाट पाहतं, डेटाबेस तयार होण्याची नाही. हेल्थचेक (डेटाबेस तयार आहे का ते तपासणारा आदेश) लिहून ‘सर्व्हिस हेल्दी’ची अट घाला.

वेळेचं दोन ठिकाणी जुळवावं लागतं. कंटेनर यूटीसीवर चालतो, म्हणून सकाळी १० ला झालेला सौदा पहाटे साडेचारचा दिसतो. मायएसक्यूएलला टीझेड (टाइमझोन) या व्हेरिएबलमध्ये एशिया-कोलकाता द्या. पीएचपी तो व्हेरिएबल मानत नाही. त्याच्या आयएनआय फाइलमध्ये डेट टाइमझोन वेगळा लिहा.

बॅकअप पॉवरशेलमधून बाणानं फाइलीत वळवू नका. विंडोजसोबत येणारं जुनं पॉवरशेल ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहितं आणि शेतकऱ्यांची देवनागरी नावं वाचता येत नाहीत. डंप उबंटूच्या टर्मिनलमधून घ्या, किंवा कंटेनरच्या आतच फाइलीत लिहून ‘डॉकर सीपी’नं बाहेर काढा.

पॉडमन

रेड हॅटचं पॉडमन डीमनशिवाय (मागं सतत चालणाऱ्या प्रोग्रामशिवाय) आणि रूटशिवाय चालतं. एका बाबतीत ते डॉकरपेक्षा सरळ आहे: जोडलेल्या फोल्डरमध्ये कंटेनरच्या रूटनं केलेली फाइल बाहेर तुमच्याच नावावर असते. लिनक्सवरच्या डॉकरमध्ये ती खऱ्या रूटच्या नावावर पडते आणि एडिटर सेव्ह करू देत नाही. तिथं कंपोजमध्ये युजर १०००:१००० लिहावा लागतो. लॅबच्या सामायिक लिनक्स मशीनसाठी म्हणूनच पॉडमन उजवं. पण १०२४ च्या खालचं पोर्ट मिळत नाही, ८० ऐवजी ८०८० वापरा. इमेजचं नाव ‘डॉकर डॉट आयओ’पासून पूर्ण लिहा. मशीन रीस्टार्ट झालं की कंटेनर आपोआप उठत नाहीत, त्यासाठी सिस्टमडीचं युनिट आणि लिंगर (लॉगिन नसतानाही युजरच्या सर्व्हिस चालू ठेवणारी सेटिंग) लागतं. कंपोजचा आदेश बाहेरच्या प्रोग्रामवर चालतो. फेडोरा वापरणाऱ्याला हे जड नाही. विंडोजवरून पहिल्यांदाच येणाऱ्याला सुरुवात इथून करायला सांगणार नाही.

इंटरनेट हळू असेल तर

एका लॅबमधली तीस मशीनं बाहेर एकाच आयपीनं जातात आणि लॉगिन न करता इमेज ओढल्या की डॉकर हबची मर्यादा लागते. ‘टू मेनी रिक्वेस्ट्स’ दिसलं तर कारण हेच. एका मशीनवर हव्या त्या इमेज ओढा, ‘डॉकर सेव्ह’नं एक टार फाइल करा, पेनड्राइव्हवरून न्या आणि बाकीच्या मशीनवर ‘डॉकर लोड’ करा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, एक्सफॅट करून घ्या. कंपोज फाइलमध्ये ‘लेटेस्ट’ न लिहिता आवृत्तीचा आकडा लिहा. सहा महिन्यांनी टीममधल्या दुसऱ्यानं इमेज ओढली तरी दोघांकडं तेच मायएसक्यूएल असेल. हे पेनड्राइव्हचं काम झॅम्प सोडून तिन्हींवर सारखंच चालतं, आणि डॉकरनं सेव्ह केलेली टार पॉडमनही लोड करतं.