स्पिटफायरच्या जुन्या पत्र्याचं कीचेन: तुकडा खरा, कागद अर्धवट

दोन महिने वापरून मग लिहितोय. रिस्टोर होत असलेल्या स्पिटफायरमधून (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) काढलेला ओरिजिनल पत्रा असं सांगून एका ऑनलाइन विक्रेत्याने दिलंय. काडेपेटीपेक्षा लहान तुकडा, आतल्या बाजूला राखाडी-हिरवा रंग अजून चिकटलेला, रिवेटची दोन भोकं, आणि एका कडेला पांढरी भुकटी धरून पापुद्रे सुटलेत. ती कड नीट बघा, पत्रा का काढावा लागला ते तिथेच दिसतं. जुन्या ड्युरॅल्युमिनला, म्हणजे विमानाच्या पत्र्याच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूला, गंज आतून खातो, वरून धड वाटतं आणि नख लावलं की थर निघतो, असल्या पत्र्यावर कोण पायलटला वर पाठवेल? पंखाचा मेन स्पार, म्हणजे पंखाला आधार देणारा मुख्य दांडा, तर एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्यांचा, आत काय झालंय ते बाहेरून कळणार कसं, म्हणून उडवायचं असेल तर तोही बऱ्याचदा नवाच बसवतात.

आता मला खरंच छळणारा प्रश्न. काढलेला पत्रा माझ्या खिशात आहे, मग तिकडे उडतंय ते कोणतं विमान? इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या म्युझियमचं एन3200 नंबरचं स्पिटफायर घ्या. 26 मे 1940 ला डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी नेण्याच्या धामधुमीत मार खाऊन फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं, वाळूत गडप झालं, 1986 मध्ये बाहेर काढलं आणि 2014 मध्ये परत उडालं. 46 वर्षं वाळू आणि खारं पाणी, त्यातून उडण्यालायक धातू किती उरणार! तरी मी त्याला एन3200च म्हणतो, डुप्लिकेट म्हणणार नाही, कारण युद्धातसुद्धा हेच चालायचं, पत्रे बदल, इंजिन बदल, एकाचा पंख दुसऱ्याला लाव आणि तोच नंबर घेऊन विमान पुन्हा वर. फक्त किती जुनं आणि किती नवं ते मालकाने सरळ सांगावं, जुनी नेमप्लेट ठोकली की काम झालं असं नको.

लंडनमधल्या हेंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममधलं हॅलिफॅक्स बॉम्बर डब्ल्यू1048 याच्या अगदी उलट. 1942 मध्ये नॉर्वेतल्या गोठलेल्या तळ्यावर उतरलं, मग बुडालं, 1973 ला वर काढलं आणि बरंचसं जसं निघालं तसंच ठेवलंय. ते कधीच उडणार नाही, पण त्याच्या अंगावरची प्रत्येक जखम त्याची स्वतःची आहे. मला दोन्ही प्रकार हवेत, एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

कीचेनचं म्हणाल तर कडी मजबूत आहे, वरचं लॅकर अजून निघालेलं नाही. स्टार कापले ते सर्टिफिकेटसाठी. त्यावर नुसतं 'स्पिटफायर' लिहिलंय, सीरियल नंबर नाही, पंखाचा पत्रा की शेपटीचा तेही नाही. अहो, सगळी किंमत त्या एका ओळीची आहे! पाचपैकी तीन. घेणार असाल तर विमानाचा नंबर आणि पत्रा काढतानाचा फोटो आधी मागा, मगच पैसे भरा. मी विक्रेत्याला मेल केलाय, नंबर कळला की इथेच टाकतो.